आईंच्या अंगातलं वारं

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीला नाही. आणि इतकी वर्षं देवापुढे हात जोडून मी जे काही पुटपुटत आले, त्यातही हे कधी आलं नाही — देवाला चुकवता येतं असं मला वाटत होतं की काय, कोण जाणे. तुम्हाला सांगायला बसले, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हटलं, सोपं जाईल. तसं काही होत नाहीये. मघापासून दोनदा चहा करून प्यायले आणि उगाचच ओटा पुसला.

सासूबाईंपासून सुरुवात करते. त्यांच्याविषयी निदान खरं बोलता येतं.

आम्ही जोगेश्वरीला राहत होतो, पूर्वेला, गुंफांच्या अंगाला, चढावरच्या चाळीत. एक खोली आणि पोटमाळा. सासरे — मी त्यांना आबा म्हणे — उभा जन्म गिरणीत काढलेले आणि संपानंतर घरी बसलेले. माझा नवरा साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात होता. आणि आई. कुडाळकडच्या, अंगाने काटकुळ्या, पण दिवसभर पायाला भिंगरी. मी मुलुंडची, शाळा पुरी केलेली, तोंडाने जरा फटकळ. अंधेरीच्या एका दवाखान्यात मला नोकरी मिळत होती तेव्हा आबांनी कुरकुर केली, की सून बाहेर गेली तर घराचं काय. आई तांदूळ धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, घर मी बघते, तिला जाऊ दे. एवढंच. पण त्या दिवसापासून मी नोकरी करू लागले ती त्यांच्या जिवावर. हे लक्षात ठेवा — म्हणजे मला नंतर परत सांगावं लागणार नाही.

दवाखान्यात मी केसपेपर काढायची, औषधं बांधून द्यायची, आणि डॉक्टरांनी मला रक्तदाब मोजायला शिकवला होता. दंडाला पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबायचा, पारा चढवायचा, मग हळूहळू हवा सोडत कानातल्या नळीतून ऐकायचं. कुठल्या आकड्यावर ठोका सुरू होतो, कुठे विरतो. माझा हात बसला त्यात. चाळीत मला अर्धी डॉक्टर म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, पण मला ते फार आवडायचं.

एका रविवारी सकाळी आई सुपात तांदूळ निवडत होत्या आणि सूप मांडीवरून घसरलं. तांदूळ सगळीकडे. मला वाटलं डुलकी लागली. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडला होता, बोटं वळलेली, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. तोंडाची उजवी बाजू खाली उतरली होती. डावी बाजू आईंची, उजवी भलत्याच कुणाची. मला काहीतरी सांगत होत्या आणि तोंडातून शब्द न येता नुसता अस्पष्ट आवाज येत होता. मी पाणी आणायला वळले, परत आले, तोवर सगळं जागेवर. हात हलला, तोंड सरळ झालं. त्या हसल्या आणि तांदूळ गोळा करायला लागल्या. म्हणाल्या, एका डोळ्यापुढे क्षणभर काळा पडदा आला होता, दुसरं काही नाही.

आबा आणि हे तेव्हा बाजारात होते. मी घरात कुणाला काही बोलले नाही, उगाच कशाला घाबरवा. दुसऱ्या दिवशी आईंना सोबत घेऊन दवाखान्यात गेले. पट्टा मीच बांधला. पारा इतका वर गेला तरी ठोका ऐकू येत होता — मी पुन्हा चढवला, पुन्हा ऐकलं. वरचा आकडा आणि खालचा आकडा, दोन्हींत फार मोठं अंतर. त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं तर कातडीखाली शीर दोरीसारखी कडक लागत होती.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, हा छोटा झटका. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि परत सुरू झालं. मग त्यांनी यंत्राची रबरी नळी माझ्या हातात दिली. एक नवी, एक जुनी. नवी दाबली की फुगायची, जुनी तशीच ताठ. रक्तवाहिन्यांचंही असंच होतं म्हणाले. ताठ झाल्या की हृदयाचा प्रत्येक ठोका त्या स्वतः झेलत नाहीत, सरळ पुढे लोटतात, मेंदूपर्यंत. असे छोटे झटके येऊन गेलेल्यांना मोठा येतो. गोळ्या रोज द्यायच्या — दाबाची आणि रक्त पातळ ठेवायची. बरं वाटलं तरी रोज.

मला सगळं समजलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी अडाणी होते, मला कुणी सांगितलंच नाही, असं नव्हतं. त्या दिवशी त्या घरातल्या माणसांपैकी हे फक्त मला माहीत होतं.

घरी सांगितलं की ताकदीच्या गोळ्या आहेत. रोज सकाळी मी आईंच्या तळहातावर गोळ्या ठेवायची आणि त्या पाण्याबरोबर घ्यायच्या. तोवर मी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

मग खोलीची गोष्ट निघाली. आबांनी ठरवलं की आता मुंबईत काय राहिलंय, खोली देऊन टाकू आणि गावी जाऊ. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. गावात घर होतं, थोडी जमीन होती, हे तिथे दुकान टाकतील. ह्यांना काय, वडील म्हणतील ती पूर्व दिशा. मी ते गाव लग्नानंतर एकदा पाहिलं होतं. कंदील, विहीर, शेणाने सारवलेलं खळं, आणि बायकांचं दिवसभर वाकून चालणं. वाईट होतं असं नाही. पण मी तिथे जिवंतपणी पुरली जाईन असं मला वाटायचं. दवाखान्यातली ती खुर्ची, कानातली नळी, महिन्याचा माझा म्हणून पगार — सगळ्यावर पाणी. मी भांडले, रडले, अबोला धरला. कुणी ढिम्म हललं नाही. आई तेवढ्या एकदा माझ्या बाजूने काही बोलू पाहत होत्या, आबांनी त्यांना गप्प केलं.

कोकणातल्या घरांत मोठी गोष्ट करण्याआधी गाऱ्हाणं घालतात. पाटावर नारळ आणि विडा मांडायचा, घरातल्या कर्त्याने देवाला हाक मारून सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आबांनी गाऱ्हाणं ठेवलं. भर दुपार होती. शेजारपाजारचे आले होते, पलीकडच्या खोलीतल्या शेवंताकाकू सगळ्यांच्या पुढे. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात उदबत्तीचा धूर हलत नव्हता.

आबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी हत. मुंबय सोडून तुझ्याकडे येवचां की हयच ऱ्हवाचां, तां तूच सांग, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात एक आवाज कमी होता. ते मला कळलं, कारण मी आईंच्या शेजारीच उभी होते. वळून पाहिलं. उजवा हात लोंबत होता. तोंड वाकडं. डोळे आमच्या कुणाकडे नव्हते, आमच्या मागे, दाराबाहेर कुठेतरी. आणि घशातून एक आवाज येत होता, ना — ना — ना, संथ, एका लयीत. तो आईंचा आवाज नव्हता. जरा जाड, जरा खालून आल्यासारखा. आबांनी हात जोडले आणि विचारलं, कोण आलंस?

मला माहीत होतं काय करायचं. आडवं करायचं, कुशीवर, आणि डॉक्टरला बोलवायचं. एवढं सोपं होतं.

मी पाटावरचं कुंकू उचललं. आईंच्या कपाळाला मळवट भरला. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवी नाही म्हणतेय. खोली सोडू नका म्हणतेय."

बस. सुंठीवाचून खोकला गेला. आबा तिथेच खाली बसले. बायकांनी आईंच्या पायांवर डोकी टेकवली. थोड्या वेळाने आई भानावर आल्या आणि आपल्या पायाशी एवढी गर्दी बघून घाबरून पदर सावरू लागल्या. काय झालं कुणी सांगेना. आबा त्यांना तेव्हापासून अहो-जाहो करायला लागले.

तुम्ही म्हणाल, हीच चूक. नाही. एवढंच असतं तर मी कधीच कुणाशी तरी बोलले असते. हसतहसत सांगितलंही असतं, की बघा कशी खोली वाचवली. एवढ्यावर थांबले असते तर.

आबांनी गिऱ्हाइकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. दिवाळीला पुन्हा गाऱ्हाणं घालू, पुन्हा तोच कौल आला तर प्रश्न मिटला, असं ठरलं. शेवंताकाकू म्हणाल्या, ज्या अंगात वारं येतं त्या अंगाला डॉक्टरी औषध चालत नाही, बाट लागते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. घरातली अर्धी डॉक्टर मीच ना. त्यांनी विचारलं, तुझे डॉक्टर नक्की काय म्हणाले होते गं? सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा.

मी म्हटलं, काही नाही, अशक्तपणा होता. आता गोळ्या बंद केल्या तरी चालतील.

गोळ्या मी पर्समध्ये टाकल्या आणि दवाखान्यातल्या माझ्या खणात नेऊन ठेवल्या. डॉक्टरांनी आईंची चौकशी केली तेव्हा सांगितलं, त्या गावी गेल्यात. मनात हिशेब असा होता की दिवाळीपर्यंतच. दिवाळीला पुन्हा कौल मिळाला की मी स्वतः गोळ्या सुरू करीन, आणि देवीला सांगून सुरू केल्या म्हणेन. रोग आहे असं आत्ता कळलं तर देवीचा शब्द खोटा पडेल आणि खोली जाईल. दिवाळीपर्यंत. माणूस स्वतःची समजूत किती गोड आवाजात घालतो, नाही?

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायका यायला लागल्या; दवाखाना दुपारी बंद असायचा, म्हणून मीही घरी असायची. वारं काही ठरल्या वेळी येत नसे, पण त्या वाट बघत बसायच्या. आई मधोमध, हळदकुंकवाने माखलेल्या, खाली मान घालून. आणि कधीकधी ते यायचं. भर उजेडात, मागे कुकरची शिट्टी होत असताना. बोलता बोलता उजवी बाजू विझायची आणि डावी बाजू आमच्याकडे बघत राहायची. काहींचं म्हणणं, गुंफेतली देवी चढ चढून येते. उन्हाळ्यातही त्या गुंफांत कुठूनतरी पाणी ठिबकत असतं, आणि एकदा शेवंताकाकूंनी विचारलं तेव्हा आईंच्या ओठांतून तेवढा एकच शब्द आला — पाणी. काकूंची मुलगी घर सोडून गोवंडीला कुणाबरोबर तरी राहत होती, वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं. त्याच आठवड्यात ती आली. काकू सार्वजनिक नळावर कळशी भरत होत्या, तिथे येऊन उभी राहिली.

माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. आईंना तहान लागली असेल हे कळत होतं. तरी काटा आला. मी माझ्याच थापेला नमस्कार करायला लागले होते. शुक्रवारी बायकांच्या मागे उभी राहून मीही हात जोडायची, आणि ते हात नाटकाचे राहिले नव्हते. मला वाटायचं, समजा खरंच असेल. समजा माझ्या तोंडून त्या दिवशी देवीच बोलली असेल. मग मी काय वाईट केलं?

पण असं वाटत होतं तर मी ते यंत्र घरी का आणत होते?

हे सांगायचं राहिलं होतं. सांगायचं टाळत होते. दवाखान्यात जुनं यंत्र पडून असायचं, ते मी पिशवीतून आणायची. दुपारी आई झोपल्या की हळूच त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची. त्या जाग्या होत्या की नव्हत्या हे मला आजही सांगता येणार नाही. बाहेर चाळ सुस्त पडलेली, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि कानात तो ठोका. दर वेळी आधीपेक्षा वर सुरू व्हायचा. आत बसून कुणीतरी दार ठोठावतंय, असं वाटायचं मला. नळी कानातून काढली तरी तो थोडा वेळ ऐकू यायचा, भिंतीतून, ओट्याखालून. भीतीने पाचावर धारण बसायची. तरी दोन-चार दिवसांनी मी पुन्हा यंत्र आणायचीच.

कशासाठी मोजत होते? औषध द्यायचं नव्हतं. मग? दिवाळीपर्यंत निभेल ना, ते बघत होते. एवढंच बघत होते.

आता ती दुपार.

नवरात्र होऊन गेलं होतं. आबा खाली पारावर गेले होते. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर लसूण सोलत होते. बराच वेळ त्या आपला उजवा हात डाव्या हाताने चोळत होत्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी येत नाही ना याची खात्री केली — स्वतःच्या घरात — आणि माझ्याकडे सरकल्या. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. नवं लुगडंसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

"चेडवा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ह्यां वारां नाय गो. माझो हात मरता. तू दाक्तराकडे कामाक जातंस, तुका म्हायत हा. माका ती गोळी दी."

म्हणजे त्यांना कळत होतं. त्यांच्या पायांवर डोकी ठेवणाऱ्या सगळ्या बायकांत, आबांत, माझ्यात, एकट्या त्यांचाच देवीवर विश्वास नव्हता. त्यांचा माझ्यावर होता. मला औषध माहीत आहे आणि मी त्यांना बरं करू शकते, असं त्यांना वाटत होतं. आणि ते खरं होतं. गोळ्या कुठे होत्या हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आणता आल्या असत्या. गुपचूप देता आल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता, खोलीही राहिली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही असं सांगायचा मोह होतो. सुचलं होतं. पण त्या बऱ्या झाल्या, आणि दिवाळीला गाऱ्हाण्याच्या वेळी वारं आलंच नाही, तर?

मी लसणाची पाकळी खाली ठेवली आणि म्हणाले, "आई, देवीवर शंका घेऊ नका."

आवाज असा काढला की जणू त्यांच्याच भल्यासाठी सांगते आहे. जरा दटावलंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मला दिसलं की त्यांना सगळं समजलं आहे — मी काय करते आहे, कशासाठी करते आहे, आणि मी ते थांबवणार नाही हेसुद्धा. मग त्या पुन्हा भिंतीला टेकल्या आणि हात चोळायला लागल्या. परत कधी काही मागितलं नाही. मी उरलेला लसूण सोलला.

दिवाळीच्या थोडं आधी, एका शुक्रवारी दुपारी, मोठा झटका आला. बायका जमल्या होत्या. कुणीतरी मुलीच्या लग्नाचं विचारत होतं. आईंची मान एकदम कलंडली, तोंडातून फेस आला आणि उजवी बाजू पार गेली. सगळ्यांनी हात जोडले. नेहमी ते लवकर ओसरायचं. त्या दिवशी ओसरलं नाही. मला पहिल्या क्षणी कळलं. दवाखान्यात असे पेशंट पाहिले होते मी, श्वासाचा तो घोरल्यासारखा आवाज मला माहीत होता. पण बायका प्रश्न विचारत होत्या. आज देवी फार जोरात आलीय, असं म्हणत एकीमागून एक पुढे येत होत्या, आणि आई खाली सरकत चालल्या होत्या, आणि मी —

मी हात जोडून उभी होते.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. सगळ्यांचे प्रश्न विचारून होईपर्यंत. शेवटी शेवंताकाकूंनाच भीती वाटली. त्या म्हणाल्या, अगं, ही डोळे का मिटत नाही? तेव्हा मी ओरडले, रडले, आबांना बोलवायला माणूस धाडला. माझं ते रडणं बघून बाकीच्या बायकाही रडल्या.

सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, ह्यांना आधी रक्तदाबाचा त्रास होता का? गोळ्या चालू होत्या का? आबांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांनी पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला त्या व्हरांड्यात कळलं. मी म्हटलं, नाही हो, कधी काही तक्रारच नव्हती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

आई वाचल्या. उजवी बाजू कायमची गेली आणि वाचा गेली. दिवाळीला गाऱ्हाणं झालंच नाही. अशा माणसाला घेऊन गावी कुठे जायचं, इथे इस्पितळ तरी जवळ आहे, असं आबाच म्हणाले. गिऱ्हाइकाला नाही कळवलं. खोली राहिली. मी नोकरी मात्र सोडली, त्यांचं सगळं मलाच करावं लागत होतं. केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, आणि गोळ्या. आता गोळ्या मी रोज देत होते, वेळेवर, एक दिवस चुकवला नाही. चाळीत माझं नाव झालं. नव्या सुनांना सासवा माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या.

आणि एक राहिलं. इस्पितळात चार-सहा दिवसांनी आईंचा आवाज थोडा परत आला. त्या तरुण डॉक्टरांनी खाटेवर वाकून मोठ्याने विचारलं, "आजी, काय झालं होतं तुम्हाला? सांगता येतंय का?"

आईंनी ओठ जुळवले. फार कष्ट पडले त्यांना. आणि स्पष्ट म्हणाल्या, "सुनंदा."

सुनंदा मी. लग्नात माझं माहेरचं नाव बदललं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने हे नाव लिहायला आईंनीच सांगितलं होतं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द उरतो. आबांचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ गो, सगळां इसारली, पण तुका नाय इसारली."

त्यानंतर त्या जगल्या तितकी वर्षं त्यांच्याजवळ तो एकच शब्द होता. तहान लागली तरी तोच, दुखलं तरी तोच. आबांनाही त्याच नावाने हाक मारायच्या, आणि बघायला आलेलं कुणी कसं काय म्हणून विचारलं तर त्याला उत्तरही तेच. सासूच्या तोंडी सुनेचं नाव, केवढं भाग्य, म्हणून बायका डोळे टिपायच्या. त्या मला बोलावत होत्या, की विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या काय झालं ते? त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच ओळखता आलं नाही. अर्धा चेहरा हलत नव्हता, आणि जो हलत होता तो शांत होता.

भर दुपारी, सगळी चाळ झोपलेली असताना, तो आवाज यायचा. सुनंदा. जरा थांबून पुन्हा, सुनंदा. मी हातातलं काम टाकून जायची. जवळ बसायची, आणि म्हणायची, हो आई, मीच.